विजेची चाळ कुणाच्या बांधावर?

धुळ्याच्या साक्री तालुक्यात माझ्या मामांचं गाव आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे गेलो, की दिवेलागणीला ओट्यावर बसलेल्या माणसांची एकच चौकशी चाले : "लाईट उनी का?" (लाईट आली का?) गेल्या मार्चमध्ये पुन्हा गेलो, तेव्हाही हीच चौकशी कानावर आली. एक गोष्ट मात्र बदलली आहे. आता ओट्यावरून मान वर केली की डोंगराच्या धारेवर पवनचक्क्या फिरताना दिसतात, आणि गावाकडे येताना रस्त्याच्या कडेने मैलभर सौर पॅनेलच्या निळ्या-काळ्या काचा चमकतात. मामा म्हणाले, "दिनभर आठे लाईट बनस, अन रातले आमनाच गावमा अंधारं." (दिवसभर इथे वीज बनते, आणि रात्री आमच्याच गावात अंधार.)

मामांच्या वाक्यात थोडा अन्याय आहे. त्यांच्या गावची लाईट जाते ती बहुतेक वेळा डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, जळाली म्हणून, नाहीतर वादळात उपकेंद्राला वीज आणणारी ३३ केव्हीची तार तुटली म्हणून. पण या वाक्यात एक खरा प्रश्नही आहे, आणि तो विचारण्याची वेळ आत्ताच आहे. खानदेश आता कापूस आणि केळीबरोबर वीजही पिकवतो. साक्रीतल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. ब्राह्मणवेलच्या पठारावर पाचशे मेगावॉटहून जास्त पवनऊर्जा आहे. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातला कोळसा तर कित्येक दशकं जळतो आहे. पीक भरपूर, पण ठेवायला जागा नाही, अशी या विजेची अवस्था आहे. तिच्यासाठी आता गोदामं बांधायची चर्चा देशभर सुरू आहे. ती कुठे बांधायची आणि कुणासाठी, हे निविदा निघण्याआधी ठरलं तर बरं. नंतर ते ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे राहत नाही, हे खानदेशाला वेगळं सांगायला नको.

कांदा पिकवणाऱ्याला हा विषय समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळी कांदा एकदम निघतो, त्या आठवड्यात बाजार पडतो. ज्याच्याकडे चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड, आहे तो माल भरून ठेवतो. चाळीत कांद्याला कोंब येतात, काही सडतो, वजन घटतं. चार-पाच महिन्यांत चौथा हिस्सा सहज जातो. तरी शेतकरी ठेवतो, कारण श्रावण-भाद्रपदातला भाव त्या घटीसकट परवडेल असा त्याचा हिशेब असतो. कधी हिशेब चुकतो, पण चाळ नसलेल्याला हिशेब करायचीही सोय नसते.

विजेचं नेमकं तेच झालं आहे. दुपारी बारा ते तीन सगळ्यांच्या काचा एकाच वेळी वीज ओततात. वीज विनिमय केंद्रावर, म्हणजे विजेच्या घाऊक बाजारात, त्या वेळचा भाव युनिटला दोन-अडीच रुपयांवर, कधी त्याहून खाली उतरतो. संध्याकाळी सातला सूर्य गेलेला असतो, घराघरात पंखे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात, आणि तोच भाव अनेकदा १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. सहा तासांत चौपट. कांद्याच्या व्यापाऱ्यालाही असला फरक स्वप्नात दिसत नाही.

मग दुपारी कोळसा बंद ठेवा आणि संध्याकाळी चालू करा, असं कुणीही म्हणेल. बॉयलर म्हणजे गॅसची शेगडी नव्हे. थंड झालेला पाचशे मेगावॉटचा संच पुन्हा पूर्ण भारावर आणायला तास लागतात, तेल जाळावं लागतं, आणि दर वेळच्या तापण्या-निवण्याने त्याच्या नळ्या-पाइपांचं आयुष्य घटतं. म्हणून दुपारी संच बंद न करता मंद करतात. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे औष्णिक संच ५५ टक्के भारापर्यंत खाली आणता आले पाहिजेत. त्याखाली जाणं अजून अवघड. म्हणजे संध्याकाळसाठी लागणारा संच दुपारीही अर्धा जळत राहतो, आणि त्याला जागा करून द्यायला कधी कधी उन्हाची फुकट वीज बंद करावी लागते. उन्हाळ्यात ४५ अंशांत आपण भाजत असताना त्याच उन्हाची वीज घ्यायला कुणी नाही, यापेक्षा उधळपट्टी ती कोणती?

साठवण हवी, हे इथपर्यंत सगळे मान्य करतात. गोंधळ पुढे आहे. वर्तमानपत्रात बातमी येते : अमुक ठिकाणी २५० मेगावॉटचा साठवण प्रकल्प. मेगावॉट हा नळाच्या तोटीचा व्यास झाला; टाकीत पाणी किती, ते त्यातून कळत नाही. २५० मेगावॉट एक तास की आठ तास? एक तास असेल तर संध्याकाळच्या दिवेलागणीची भर निघेल, आठ तास असेल तर रात्र निघेल. दोन्हीचा खर्च वेगळा, तंत्र वेगळं, जागा वेगळी. यापुढे कुणी साठवणीचा आकडा मेगावॉटमध्ये सांगितला, की मी तास विचारतो. वाचकांनीही ही खोड लावून घ्यावी.

सगळ्यात जुनी मोठी साठवण पाण्याची. दोन तलाव, एक वर, एक खाली. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचं, कमी असेल तेव्हा खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. त्याला उदंचन म्हणतात. भंडारदऱ्याच्या बाजूला, सह्याद्रीच्या कड्यावर घाटघरला असा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ पासून आहे. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून एक हिशेब करून पाहा. घराच्या गच्चीवर, दहा मीटर उंचीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, ती पूर्ण भरली की तिच्यात किती वीज साठली? ०.०२७ युनिट. नऊ वॉटचा एक एलईडी बल्ब तीन तास. एक आख्खं युनिट साठवायचं तर तेवढंच पाणी ३६७ मीटर चढवावं लागेल, आणि ते घट न धरता. म्हणून उदंचनाला कडा लागतो, मोठं पाणी लागतं आणि अर्थातच जमीन लागते. शंभर युनिट टाकली तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. बदल्यात प्रकल्प चाळीस-पन्नास वर्षं टिकतो आणि सहा-आठ तास वीज देतो. लिथियमच्या बॅटरीत शंभरातली पंच्याऐंशी-नव्वद परत येतात. ती वर्ष-दीड वर्षात उभी राहते, पण बारा-पंधरा वर्षांत म्हातारी होते आणि सहसा दोन ते चार तासांसाठीच बांधतात.

उदंचन म्हटलं की नंदुरबारच्या माणसाला नर्मदा आठवावी. सरदार सरोवराच्या पायथ्याच्या वीजघरात २०० मेगावॉटच्या सहा टर्बाइन आहेत, आणि त्या उलट्या फिरून पाणी वर चढवू शकतील अशा बनावटीच्या आहेत. म्हणजे देशातली एक अजस्र साठवण आपल्या उंबरठ्यावर, कागदावर तरी, कधीपासून आहे. तिच्या जलाशयात अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं गेली. त्या बदल्यात महाराष्ट्राला प्रकल्पाच्या विजेचा २७ टक्के वाटा. महाराष्ट्राला, बरं का. धडगावच्या पाड्याला नव्हे. जलाशयाच्या काठावरच्या पाड्यांपर्यंत तार पोचायला किती वर्षं लागली, हे तिथल्याच माणसाच्या तोंडून ऐकावं. सातपुड्यात किंवा सह्याद्रीच्या उतारावर उद्या नवे उदंचन तलाव सुचवले गेले, तर मी त्यांना विरोध करणार नाही. पण वनहक्काचे दावे निकाली निघण्याआधी मोजणीचा माणूस डोंगरावर चढता कामा नये, आणि करारात "राज्याचा वाटा" असा शब्द आला की पेन खाली ठेवावं. वाटा गावाच्या नावाने लिहिला जातो, तेव्हाच तो गावाला मिळतो.

जमिनीचा विषय निघाला म्हणून आणखी एक. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील यांनी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं. वीजप्रकल्पासाठी घेतलेल्या पाच एकरांच्या मोबदल्याचं भांडण होतं. उपचार चालू असताना ते गेले. खानदेशात वीज आणि जमीन हे दोन शब्द एका वाक्यात आले, की ऐकणाऱ्याच्या मनात ते नाव उमटतं. शहरातल्या धोरणकर्त्यांना हे भावनिक वाटेल. वाटू दे.

आता सगळ्यात स्वस्त साठवणीकडे येऊ, कारण तिच्याबद्दल बोलायला कंत्राटदार उत्सुक नसतात. ती म्हणजे साठवायचीच वेळ न येणं : वीज जेव्हा भरपूर तेव्हा ती वापरून टाकणं. आणि हे खानदेशला नवीन नाही. पांझरेच्या खोऱ्यात तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून तग धरून आहे. नदीवर बंधारा घालायचा, पाटाने पाणी शिवारात न्यायचं. शिवाराचे फड पाडलेले, एका फडात एकच पीक. ते बंधारे वळवणीचे होते. पाणी अडवून वर्षभर साठवणारी धरणं नव्हेत. साठवण नव्हती, तर मग चार शतकं चाललं कसं? पाऊसमान बघून दरवर्षी गावच ठरवायचं, की कोणत्या फडाला बारमाही पाणी, कोणाला एका हंगामाचं, कोणाला यंदा काहीच नाही. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या राखण करायचा. ज्याची जमीन पाटाच्या डोक्याशी त्यालाही मनमानी करता येत नव्हती. येणाऱ्या प्रवाहाला मागणी जुळवून घ्यायची ही शिस्त आहे. आज वीज अभियंते हीच गोष्ट जड नावं देऊन सांगतात.

सूर्यालाही असंच जुळवून घेता येतं, आणि त्याची सुरुवात मोटरीपासून. महाराष्ट्रात शेतीपंप ४५ लाखांच्या घरात आहेत. पाळीपाळीने काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री मोटरीला लागणारी थ्री फेज वीज द्यायची, हा कोळशाच्या काळातला हिशेब. रात्री शहरं झोपतात, संच चालूच असतात, म्हणून ती वीज शेतकऱ्याच्या गळ्यात. म्हणजे शेतकरी हाच आजवर कोळशाची साठवण होता! संचाला रात्री भार हवा म्हणून आमची माणसं माघ महिन्यात, थंडीत, टॉर्च हातात घेऊन पिकाला बारं (पाणी) द्यायला जात राहिली. सापाची भीती, यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याची भीती. ऑटो स्विच लावून घरी झोपावं, तर लाईट आल्याबरोबर फिडरवरच्या, म्हणजे उपकेंद्रातून निघालेल्या एका वाहिनीवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उचल घेतात आणि डीपी जाते.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, २०२३ ला तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचे आणि शेतीच्या फिडरला दिवसा वीज द्यायची. सोळा हजार मेगावॉटचं लक्ष्य. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत राज्याने शेतीच्या विजेबद्दल घेतलेला हा सगळ्यात शहाणा निर्णय आहे. कारण वीज उन्हाबरोबर आली आणि उन्हाबरोबरच विहिरीतून वर पाणी होऊन निघाली, तर मध्ये बॅटरी लागत नाही. रब्बीत, नोव्हेंबर ते मार्च, मोटरींचा भार सगळ्यात जास्त असतो आणि आपल्याकडे तेव्हा आकाशही निरभ्र असतं. असा जुळलेला जोडा सोडायचा नसतो. शेततळं असेल तर आणखी चांगलं. दुपारी विहिरीतून तळ्यात, आणि पहाटे तळ्यातून ठिबकला. केळीला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. रावेर-यावलच्या बागायतदाराला अस्तर घातलेलं तळं म्हणजे काय, ते ठाऊक आहे. त्या तळ्यात साठलेली वीज तारेत परत येणार नाही, पण रात्रीची मोटर तर वाचली.

इथे माझं सरकारशी एक भांडण आहे. त्याच सरकारने पुढे "मागेल त्याला सौर कृषीपंप" आणला. शेतात स्वतंत्र काचा, स्वतंत्र मोटर, तारेशी संबंध नाही. जिथे तार पोचणंच कठीण तिथे, डोंगरात, हे उत्तमच. पण जिथे फिडर बांधाला लागून आहे तिथेही हेच वाटायचं म्हणजे दर शेताला वेगळी चाळ बांधून ती वर्षातले निम्मे दिवस रिकामी ठेवण्यासारखं आहे. पाच अश्वशक्तीच्या पंपाच्या काचा चांगल्या उन्हात दिवसाला वीसेक युनिट देऊ शकतात. पेरणीआधी, सुगीत, पाऊस चांगला झाला तर पावसाळाभर मोटर बंद, आणि ती वीस युनिटं रोज वाऱ्यावर. फिडरला जोडलेल्या काचांची उरलेली वीज निदान गावाच्या पिठाच्या गिरणीला जाते. दादा-आप्पांना स्वतःच्या शेतातल्या स्वतःच्या काचा आवडतात, बिल नाही, लाईनमनची मिनतवारी नाही, हे मला कळतं. त्या लाईनमनवरचा अविश्वासही कळतो. म्हणून हा मुद्दा गावात मोठ्याने मांडत नाही, इथे लिहितो.

मोटरी दिवसा गेल्या, तरी घरं संध्याकाळीच उजळणार. कारखान्यांना दिवसाच्या वापरावर सवलत आणि संध्याकाळी जादा दर हे केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी आणलंच आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या शीतगृहाने किंवा केळी पिकवणाऱ्या चेंबरने दुपारीच जास्त थंडावा भरून घेऊन संध्याकाळी यंत्र मंद ठेवलं, तर तीही साठवणच. पण चूल, अभ्यास, मालिका आणि कूलर यांना दुपारी हलवता येत नाही. तिथे बॅटरी लागणार. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय वीज आराखड्यात २०३१-३२ साठी देशाला ४११ गिगावॉट-तास (एक गिगावॉट-तास म्हणजे दहा लाख युनिटं) साठवण लागेल असा अंदाज आहे, त्यात २३६ बॅटरीची आणि १७५ उदंचनाची. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने सल्ला दिला, की नव्या सौर निविदांत प्रकल्पाच्या क्षमतेच्या किमान दहा टक्के, दोन तासांची साठवण सोबतच असावी.

भाव? २०२२ साली केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळाच्या पहिल्या मोठ्या निविदेत दोन तासांच्या बॅटरीचं भाडं दर मेगावॉटला महिन्याला सुमारे १०.८ लाख रुपये निघालं होतं. तीन वर्षांत देशातल्या निविदांमध्ये, केंद्राच्या अनुदानाच्या आधारासह, ते अडीच लाखांच्या आसपास आणि त्याखालीही आलं. हे आकडे कोरडे वाटतात, म्हणून मी ते मामांच्या उपकेंद्रावर बसवून पाहिले. समजा एका उपकेंद्राखाली दहा-बारा गावं, पाच हजार घरं. संध्याकाळी सात ते अकरा दर घराला सरासरी तीनशे वॉट : दोन पंखे, चार दिवे, टीव्ही, अधूनमधून मिक्सर. एकूण दीड मेगावॉट, चार तास, म्हणजे सहा मेगावॉट-तास. हल्ली वीस फुटी कंटेनरमध्ये पाच मेगावॉट-तास बसतात, म्हणजे दोन कंटेनर झाले. भाडं दोन तासांच्या बॅटरीच्या मेगावॉटवर असतं, म्हणून सहा मेगावॉट-तास म्हणजे तीन मेगावॉट धरा; अडीच लाखांच्या भावाने महिन्याचं भाडं साडेसात लाख, घरामागे दीडशे रुपये. मोठ्या निविदेचा भाव छोट्या कामाला मिळत नाही, म्हणून दीडपट धरा : सव्वादोनशे. त्यात भरायची वीज दुपारची, स्वस्तातली. हे गावकऱ्याने भरावेत असं मी म्हणत नाही. संध्याकाळी १० रुपयांनी वीज घ्यावी लागत नाही म्हणून वितरण कंपनीचे जे वाचतात, त्यातून याचा मोठा हिस्सा निघायला हवा.

आणि मुख्य मुद्दा इथे आहे. हीच सहा मेगावॉट-तास बॅटरी मोठ्या उपकेंद्राशी, समजा धुळ्याजवळच्या ७६५ केव्हीच्या केंद्रापाशी, शेकडो मेगावॉटच्या एका प्रकल्पात बसवली, तर स्वस्त पडेल. कंपन्या तिथेच बसवतील. देशाच्या विजेच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, किंबहुना तेच सोयीचं. पण वादळात ३३ केव्हीची तार तुटली, की मोठ्या केंद्रातली बॅटरी मामांच्या गावाला काडीच्याही उपयोगाची नाही. गावच्या उपकेंद्रातली बॅटरी, तशी यंत्रणा बसवली तर, तार जोडेपर्यंत दवाखान्यातलं लस ठेवायचं फ्रीज आणि पाणीपुरवठ्याची मोटर चालू ठेवू शकते. दुपारी फिडरवर जास्त झालेली सौर वीज वरच्या ट्रान्सफॉर्मरवर न ढकलता तिथल्या तिथे पोटात घेऊ शकते. ही किंमत निविदेच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही, म्हणून ती मोजली जात नाही.

मी दोन्ही बांधा म्हणतो. मोठी साठवण दीपनगरला बांधा : तिथले जुने छोटे संच बंद झाले आहेत, जमीन ताब्यात आहे, यार्ड आहे, चारी दिशांना निघालेल्या वाहिन्या आहेत, नव्याने कुणाचं शेत घ्यायला नको. पण सौर कृषी वाहिनीचा प्रकल्प ज्या गावाच्या जमिनीवर उभा आहे, त्या गावाच्या उपकेंद्राला छोटी साठवण मिळालीच पाहिजे. आत्ता त्या योजनेत जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आहे, ग्रामपंचायतीला तीन वर्षं पाच-पाच लाखांचं अनुदान आहे. पाच लाखांत सभामंडप होतो, पेव्हर ब्लॉक होतात, त्यावर नावाची पाटी लागते. त्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, करारात एक ओळ घाला : संध्याकाळी सात ते अकरा, वर्षातले इतके दिवस, या उपकेंद्राखालच्या गावांना अखंड वीज, न दिल्यास दर तासाला इतका दंड, तो ग्रामपंचायतीच्या खात्यात. गुजरातमधल्या मोढेराला २०२२ मध्ये सौर प्रकल्पासोबत १५ मेगावॉट-तासांची बॅटरी बसवून गावाची रात्र उन्हावर चालवून दाखवली. ते दाखवण्यासाठी केलेलं होतं, मान्य. तापीच्या काठाने निघालं तर गुजरात फार लांब नाही, इतकंच.

आक्षेप येतील. बॅटरी चीनची. बहुतांशी खरं आहे; सेल तिकडून येतात, आणि उद्या तिकडून निर्यात आवळली तर आपण अडकू. हे कारण पाण्याच्या साठवणीकडे आणि दिवसाच्या मोटरींकडे आधी वळण्याचं आहे, हातावर हात धरून बसण्याचं नाही. कोळशावर वाफ करणाऱ्या यंत्रांचे सुटे भागही कधी काळी परदेशातूनच येत होते. बॅटरी पेटते : जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगला मोठी आग लागली होती, हजारएक लोकांना घरं सोडावी लागली. तिथे जुन्या प्रकारच्या रसायनाच्या बॅटऱ्या एका बंद इमारतीत दाटीने रचलेल्या होत्या. आता येणाऱ्या लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या त्या मानाने शांत असतात आणि सुट्या कंटेनरमध्ये अंतर सोडून ठेवतात. तरी उपकेंद्राच्या कुंपणाला लागून शाळा असेल, तर मी तिथे नको म्हणेन.

खानदेशाचा खरा आक्षेप यापेक्षा वेगळा आहे : ऊन. मे महिन्यात भुसावळला सावलीतला पारा ४५ ओलांडतो. बॅटरीला पंचवीस-तीस अंश मानवतात. तिला थंड ठेवायला तिच्याच पोटातली वीज जाते, आणि थंडावा कमी पडला तर आयुष्य घटतं. सौर काचांनाही उकाडा सोसत नाही. काच पासष्ट अंशांपर्यंत तापली, की तिची वीज बारा-पंधरा टक्क्यांनी उतरते. दिल्लीत किंवा गांधीनगरात लिहिलेली निविदा जशीच्या तशी इथे लावली, तर पाच वर्षांनी बॅटरी कागदावर पूर्ण आणि प्रत्यक्षात अर्धी, असं होईल. म्हणून भाडं बसवलेल्या क्षमतेवर न देता मे महिन्यात मोजून मिळालेल्या युनिटांवर द्यावं. कांदा चाळीत टाकताना केलेल्या वजनावर कुणी पैसे देतं का?

आणि पाऊस. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ढग हटत नाहीत. चार तासांची बॅटरी तिथे काही करू शकत नाही; ती दुपार संध्याकाळपर्यंत नेते, जेठाची वीज श्रावणात नेत नाही. सुदैवाने त्याच दिवसांत साक्रीच्या पठारावर वारा सुटतो आणि पवनचक्क्या जोरात असतात. शेतीच्या मोटरीही तेव्हा बहुतेक थंड असतात. तरी वारा पडलेला ढगाळ आठवडा येतोच, आणि त्या आठवड्यासाठी दीपनगर लागणार. साठवण आली म्हणजे कोळसा उद्या बंद, असं जो सांगतो त्याला दिवाळीपर्यंत आमच्याकडे राहायला बोलवावं. दीपनगर कमी दिवस चालेल, दुपारी कमी जळेल. राखेने पांढऱ्या झालेल्या आसपासच्या शिवारांना तेवढंही पुष्कळ आहे.

मामांच्या गावात गेल्या वर्षी सौर प्रकल्पाच्या जागेचा ठराव ग्रामसभेत आला होता. भाडं किती, गायरान किती, गुरं कुठे चरतील, यावर तीन तास भांडणं झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. रात्रीच्या विजेबद्दल कुणी बोललं नाही, कारण ती मागता येते हेच कुणाला माहीत नव्हतं. ठराव अजून लटकलेला आहे; गायरानाच्या मोजणीवर हरकत आहे. म्हणजे ओळ घालायला अजून वेळ आहे. परत येताना मी उपकेंद्रापाशी गाडी थांबवली. आवारात, पश्चिमेच्या कुंपणाजवळ, दोन कंटेनर अंतर सोडून सहज मावतील एवढी जागा आहे. सध्या तिथे जळालेल्या डीपी रचून ठेवल्या आहेत.